व्ही. टी. सर आणि चपलेचा एरर

आमच्या स्टाफरूममधले किस्से केळीच्या घडासारखे असतात. एकच तोडायला जावं तर अख्खी फणी हातात येते. आणि व्ही. टी. सरांचा विषय निघाला, की घडच खांद्यावर घ्यावा लागतो! मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे घडून गेलेल्या गोष्टींत थोडं पदरचं घालायची मला सवय आहे. तेवढं सोडलं तर पुढचं सगळं खरं आहे.

आमची शाळा सावद्याजवळ, बारावीपर्यंतची. मागच्या वर्षी आम्हाला प्रोग्रॅमिंगचा विषय मिळाला. कॉम्प्युटर आले, एसी आला, निळे पडदे आले. फक्त शिकवणारा आला नाही!

हेडसरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कोणाच्या घरी कॉम्प्युटर आहे?"

व्ही. टी. सरांनी हात वर केला. सर चित्रकलेचे. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे जोशात आले की अहिराणीवर उतरतात. हेडसरांनी लगेच लॅबची चावी त्यांच्या हातात ठेवली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही कॉम्प्युटर कधी घेतला?"

"पोऱ्या पुण्याले लई गया ना तो," सर म्हणाले. "मना घर खोकं शे. माझ्या घरी नुसतं खोकं! तुमची वहिनी त्यात कुरडया ठेवते."

*

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. विषय एका वर्षाच्या बोलीवर मिळाला होता. वर्ष संपता संपता जळगावहून साहेब येणार, सरांचा तास बघणार, आणि शिकवणं पटलं नाही तर विषय बंद.

बारावीच्या वर्गात हर्षदा होती. घरी केळीची बाग. तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं, "भाऊ, गावात आहे तोवर शिकू दे तिले. रोज भुसावळला काही मी पाठवणार नाही. आणि तिची धाकटी बहीण अकरावीत आहे, तिचंही तेच." अकरावीतल्या निम्म्या पोरींचं असंच. म्हणजे सर बुडाले, तर पोरी त्यांच्यासकट बुडणार!

*

सर प्रोग्रॅम शिकवत नसत, रंगवत. फळ्यावर रंगीत खडूंनी असा काही प्रोग्रॅम उतरायचा, की पुसायला हात धजू नये. महिरपी कंस तर असे झोकदार, जणू प्रोग्रॅमला मिशा फुटल्यात! चौकटीला वेलबुट्टी, कोपऱ्यात मोर.

एकदा हर्षदाने विचारलं, "सर, पण हा प्रोग्रॅम करतो काय?"

सरांनी मोराचा पिसारा पुरा केला आणि म्हणाले, "पाच मार्क देतो!"

*

दसऱ्याला सरांनी मशीनची पूजा घातली. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग. पूजेनंतर एका कीबोर्डवरचं 'ए' अक्षर उमटेना. खाली अक्षता अडकलेल्या. हर्षदाने स्क्रू ड्रायव्हर मागितला, तर सर कानाला हात लावून म्हणाले, "देवाला वाहिलेलं उकरायचं नाही!"

त्या मशीनवर बसणारी पोरं मग दिवाळीपर्यंत प्रत्येक 'ए' दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून आणायची. शेजारणीकडून विरजण आणावं तसं!

*

सरांचा एक सिद्धांत होता. एरर धुळीमुळे येतो. आणि धूळ चपलेने येते. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली रे दिसली, की सर गरजायचे, "कोण चपल घालीसन आत उना? बठ्ठ्या चपला बाहेर!" मग स्वतः व्हरांड्यात जाऊन एकेक चप्पल मोजायचे, ओळीत लावायचे. चित्रकलेचा हात! रंगसंगती जुळेपर्यंत आत यायचे नाहीत.

पोरांनी ह्यातच वाट काढली. काही अडलं, की कोणीतरी ओरडायचं, "सर, एरर!" सर व्हरांड्यात. तेवढ्यात पोरं नेटवर शोधून चूक दुरुस्त करून मोकळी! सर आत येऊन स्क्रीन बघायचे आणि मला खिडकीतून बोलवायचे, "बघा, इतिहास! गेला की नाही? कोणाच्या तरी चपलेचाच होता!"

*

पण तपासणीला साहेब सरांना बघणार होते, पोरांना नाही. तेव्हा हर्षदाने डोकं चालवलं. एक दिवस उभी राहून म्हणाली, "सर, आम्ही फळ्यावर करून दाखवतो. तुम्ही मागे बसून तपासा. चुकलं तर रागवा."

सर खूश! शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. पोरं घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून यायची आणि सरांना 'तपासायला' द्यायची. अगदी बालवाडीपासून. व्हेरिएबल म्हणजे डबा, डब्यात काय ठेवलं, काय काढलं. सर प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे. "बरोबर." पुढचं? "बरोबर."

हर्षदा मला म्हणाली, "सर, काही आत जातंय की नुसतीच मान हलतेय, कळत नाही."

मग तिने मुद्दाम चूक करायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात "बरोबर." दुसऱ्यात "बरोबर." पोरी रडकुंडीला आल्या. आणि एका शनिवारी सकाळच्या शाळेत मागच्या बाकावरून आवाज आला, "थांब! आकडा वाढवलाच नाहीस. हा लूप जन्मात थांबणार नाही!"

वर्गात जो गलका झाला म्हणता! बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, पेढ्यांच्या जागी डब्यातले वेफर्स वाटले गेले. हेडसर धावत आले. त्यांना वाटलं, मारामारी झाली. पोरांनी त्यांच्याही हातावर केळ्याचे वेफर्स ठेवले. "कशाचे?" त्यांनी विचारलं. कोणी सांगेना. "चुकीचे!" व्ही. टी. सरच छाती काढून म्हणाले. "मी पकडलेली!"

*

साहेब आले ते बूट घालूनच लॅबमध्ये शिरले. आम्ही दाराशी उभे.

साहेब म्हणाले, "पुस्तक मिटा. घडांची वजनं दिलीत, सगळ्यात जड घड कोणता, हे शोधणारा प्रोग्रॅम लिहा. आत्ता. पोरांसमोर."

सरांनी कीबोर्ड ओढला. लिहिला. चालवला.

स्क्रीनवर लाल अक्षरं!

सरांची मान सावकाश खाली वळली, थेट साहेबांच्या बुटांकडे. हर्षदाने डोळे मिटले. हेडसरांनी खांब धरला. मी मनातल्या मनात विषयाला श्रद्धांजली वाहून टाकली.

आणि सर पुन्हा स्क्रीनकडे वळले. बोट ठेवून लाल ओळ वाचली. "घ्या! डब्यात पहिला घड ठेवायच्या आधीच तुलना करतोय मी. रिकाम्या डब्याशी कशी होणार?" एक ओळ टाकली. चालवला. सगळ्यात जड घड झळकला!

साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. "सर, स्वतः चुकून, चूक कशी शोधायची ते दाखवलंत! अशी पद्धत जिल्ह्यात कुठे पाहिली नाही!"

विषय कायम झाला. त्या संध्याकाळी हर्षदाचे वडील शाळेत घडच घेऊन आले.

*

नाव कसं पसरतं बघा! महिन्याभरात व्ही. टी. सरांना धुळ्याहून बोलावणं आलं. तिथल्या शिक्षकांना प्रोग्रॅमिंग शिकवायला, तेही आठवडाभर! सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात गेले. मी ह्यावेळी खिडकी सोडली नाही.

सरांनी बातमी सांगितली. टाळ्या झाल्या. मग सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला.

"उद्यापासून शाळा सुटल्यावर जादा तास. कोणी दांडी मारायची नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हर्षदा उभी राहिली. "सर, आमचा पोर्शन तर सगळा झालाय. जादा तास कशाला?"

"तुमना नही वं पोरी," सर म्हणाले, "मना!"