हिरवं की काळं?

डोळे गच्च मिटायचे, मान जराशी कलती करायची, जीभ टाळूला लावून 'टॉक्' असा आवाज काढायचा आणि म्हणायचं, "थांबा, जिभेक इचारतंय!" आमच्या शेजारच्या बोटवाल्यांची ही तऱ्हा. मग निकाल यायचा. "हळद करपली." "खोबरां शिळां." त्या निकालावर अपील नाही! खुद्द माझ्या सासूबाई त्यांच्यापुढे वाटी धरून उभ्या राहायच्या, आता बोला.

मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत सगळे त्यांना बोटवाले म्हणायचे. माणूस मालवणकडचा, परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर स्वयंपाकी. वर्षातून महिनाभर घरी. तेवढ्यात ते साऱ्या चाळीच्या चुलींत नाक खुपसून जायचे आणि आम्हाला ते हवंहवंसं वाटायचं.

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्या खेपेला ते टायफॉइड घेऊनच उतरले. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला मेला. काहीही नेऊन द्या, "बरां आसा." एकदा माझ्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, तरी "बरां आसा." अहो, मला घरी येऊन रडू फुटलं. शिव्या घाला, पण असं बरं म्हणू नका! बोटीवरून निरोप होता, जीभ परत आली की या. चव न कळणारा स्वयंपाकी कोण ठेवून घेणार?

त्यांची बायको, आमच्या वहिनी, गिरगावात वाढलेल्या. मनात एक नि ओठांवर एक हा प्रकारच नाही. सरळ म्हणायच्या, "मला तर देव पावला. लग्न झाल्यापासून नवरा म्हणजे पाहुणा. आता राहू दे की घरात." भांडुपच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी नवऱ्यासाठी चहाभज्यांचं काम ठरवूनही टाकलं होतं. सोमवारपासून जायचं होतं.

आणि शनिवारी दोन बाटल्या आल्या! बोटीवरचा एक दोस्त गावी जाता जाता देऊन गेला. एकीत हिरवी फळं, एकीत काळी, दोन्ही खाऱ्या पाण्यात. बोटवाले ओटीवर येऊन ओरडले, "ऑलिव्ह! साहेबलोकांची ऑलिव्हां! येवा सगळी!"

काय उडाली झुंबड! कुणी म्हणालं करवंदं, कुणी म्हणालं भोकरं.

"एकाच झाडाची गो, बाये," ते मला म्हणाले. "हिरवी ती कच्ची, काळी ती पिकलेली. हिरवां कडू, जिभेक चिमटो काढता. काळां मऊ, तेलकट, म्हाताऱ्या माणसासारखां शांत."

मी हिरवं तोंडात टाकलं आणि कानापर्यंत शहारले. ई ऽऽ! कडू, आंबूस, खारट, सगळं एकदम. काळं मात्र खरंच निवांत होतं, तेलात मुरलेल्या लोणच्याच्या फोडीसारखं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशींनी हिरवं नळाखाली धुऊन, गुळाचा खडा लावून खाल्लं आणि "आता माणसात आलं" म्हणाल्या. चाळीत लगेच दोन पक्ष पडले, हिरवेवाले आणि काळेवाले. एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत मजल गेली!

तेवढ्यात बोटवाले उठून उभे राहिले. "माझे डोळे बांधा. हिरवां की काळां, बरोबर सांगितलंय तर सोमवारी बोटीच्या हापिसात जातलंय. चुकलंय तर भांडुपाक!"

मीच त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. पहिलं फळ दिलं. टॉक्! "हिरवां!" दुसरं. "काळां!" मग पुन्हा काळं दिलं, फसवायला. "परत काळां. माका फशिवतंस?" एकही चुकलं नाही हो! काय ओरडलो आम्ही! समोरच्या रस्त्यावरचा टांगेवाला टांगा थांबवून बघायला लागला.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा. कडक लागलं की हिरवं, मऊ लागलं की काळं. हे दातांनी ओळखतायत. जिभेचं काय?"

बोटवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनाही ते पटलं असावं, कारण ते वाद न घालता डोळ्यांवर पंचा तसाच ठेवून आत गेले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले. वहिनी मला म्हणाल्या, "तू चल साक्षीला. बाकीच्यांनी बाहेर थांबा, उगाच खुणा कराल."

त्यांनी बिया काढल्या, मीठ उतरावं म्हणून गर पाण्यातून काढला आणि पाट्यावर गंधासारखा मऊ वाटला. आधी एक, मग पाटा धुऊन दुसरा. आता दातांना काही काम उरलं नाही. हिरव्यातलं बोटभर घेऊन त्यांनी नवऱ्याच्या जिभेवर ठेवलं.

टॉक् झालंच नाही. नुसते बसून राहिले बिचारे. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय झालं?" मी मनात सगळ्या देवांना हाका मारत होते. मग त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. दुसरी पडली. तोंड वाकडं झालं.

"कडू..." ते अगदी हळू म्हणाले. "कडू लागता गो. की माका उगाच वाटता? हिरवां मा? सांग गो, हिरवां मा?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटाला हिरवं लागलेलं होतं. ते बोट त्यांनी हळूच पदराला पुसलं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "हिरवंच आहे."

पंचा उडवून, पाट्याला ठेचकाळत, बोटवाले बाहेर धावले. "कडू लागलां! रे, माका कडू लागलां!" म्हणत ओटीवर अक्षरशः नाचले. पोरं नाचली, मावशी नाचल्या, मीही नाचले. कडू लागलं म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

सोमवारी ते बोटीच्या ऑफिसात गेले आणि आठवडाभरात बोटीवर. टांग्यात ट्रंक चढवली, सगळ्यांना हात केला आणि गेलेसुद्धा. ओटी एकदम भकास झाली. वहिनी आत येऊन पोळ्यांची कणीक मळायला बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, नाही म्हणायचं होतंत. मी काही बोलले नसते."

त्यांचा हात थांबला. "म्हणणारच होते गं. ओठांवर आलं होतं," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावायला हात रिकामा नव्हता, तशाच रडत होत्या. "पण मी नाही म्हटलं असतं ना, तर त्यांनी जिभेचं ऐकलं नसतं. माझं ऐकलं असतं."