देवमनचा कान

आमच्या घरचा माणूस म्हंजे अमरावतीतला चालता भोंगा. नाव देवमन तायडे. ऑटोवर भोंगा बांधून जाहिराती करतात. साड्यांचा सेल, रक्तदान शिबिर, हरवलेलं पोट्टं, सारं. शेवटी एकच ठरलेलं, "बोलणारा देवमन तायडे. खोटं निघालं तं घरी या अन् माहा कान धरा!" म्हणून आधी दुकानातली साडी घरी आणून मले धुवाले लावतील, रंग नाही गेला तं मंगच माइक धरतील. औषधाची जाहिरात तं कधीच नाही. मी चिडायची, "एवढं खरं बोलून कोनाचं पोट भरते हो?" ते आपले हसायचे.

यंदा उन्हाळ्यात माह्या मोबाइलवर ह्यायचा आवाज आला. तोच घोगरा सूर, शेवटी तेच कान धरणं. "साखरेच्या गोळ्या, सुया फेका. आमचा काढा घ्या!" मी ह्यायच्याकडे पाह्यलं. हे समोर जेवून राहिले होते, अन् बोलून राहिला होता फोन. मुडदा बशिवला त्याचा, कोनीतरी मशीनकडून ह्यायचा आवाज बनवून घेतला होता.

"अक्का!" हे ताटावरून उठले.

मनकर्णाअक्का ह्यायची मोठी बहीण. मायबाप गेल्यावर तिनंच ह्यायले वाढवलं. मोर्शीजवळ खेड्यात एकटी राह्यते, साखरेची बिमारी हाय, रोज इन्सुलिनची सुई घेते. फोन लावला.

"अक्का, सुई घेतली का?"

"काहून घेऊ? तूच तं फेक म्हणलं. काढा लय कडू हाय, पण तू सांगतलं म्हणून पिऊन राहिली."

"तो मी नव्हतो वं!"

"हेबी तूच सांगतलं होतं, त्याच जाहिरातीत," अक्का म्हणे. "माह्या आवाजात कोनी अडवलं, तं तो चोर समजा!" अन् फोन ठेवला. मंग उचललाच नाही.

चोर घरात शिरला, आतून कडी लावली, अन् घरवाले बाहेर, तशी गत. अक्काच्या शेजारच्या सीमाले फोन लावला, तं ती लग्नाले गेलेली. ऑटो मीच काढला, हे मागं बसून अक्काले फोनावर फोन लावत होते. रस्ताभर मले एकच भेव, अक्काच्या दारात माणसं जमलेली दिसतील.

दारात कोनी नव्हतं. आत अक्का बाजेवर पडलेली, खाली उलटी, श्वास भराभर.

"अक्का, मी आलो."

डोळे उघडले नाही. ओठ हलले. "फोन ठेव, चोरा. तू माहा भाऊ नाही."

ह्यायनं उचलाले हात घातला, तं तिनं नखं मारली. हे "अक्का, अक्का" करत, तशी ती अजूनच भिऊन अंग चोरे.

"तोंड बंद करा तुमचं!" मी खेकसली. ह्यायची मुंडी खाली दाबली अन् डावा कान अक्काच्या हातात देला. लहानपणी बकरीनं त्याचा लचका तोडला होता, अन् अक्कानंच महिनाभर हळद लावली होती.

तिची बोटं तुटक्या जागेवर थांबली.

"देवमन? कधी आला रे?"

ह्यायनं तिले गपचूप उचललं. मोर्शीपर्यंत ऑटो मी हाकला. मागं हे तिच्या हातात कान देऊन वाकून बसलेले.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

ह्यायनं तोंड उघडलं, अक्काकडे पाह्यलं, अन् पुन्हा मिटलं. डोळ्यातून पाणी चाललं होतं.

"सख्खा भाऊ," मी सांगतलं. "सुई द्या आधी. तोवर ते बोलणार नाही."