सगळीकडे सारखीच ताणलेली जाळी

चुंबकाजवळ आला की इलेक्ट्रॉन वळतो, गोल फिरायला लागतो. प्रकाशाला मात्र चुंबकाचं काही सोयरसुतक नाही. तो आपला नाकासमोर चालतो. त्याला इलेक्ट्रॉनची नक्कल करायला लावायची, हा माझ्या पीएचडीचा विषय. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यात षटकोनी जाळीसारखी बारीक भोकं पाडायची आणि ती जाळी अशी ताणायची, की चुंबक नसतानाही प्रकाश वळावा. पण संगणकावर माझा प्रकाश काही केल्या वळेना. दोन महिने! शनिवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदल, असं सरांनी सांगून टाकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं त्राण माझ्यात नव्हतं.

लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत मी खाटेवर संगणक घेऊन बसायचे. खाली आई लाकडी चौकटीवर नेटची ओढणी ताणून खडे चिकटवायची. बुधवारी दुपारी ती चहा द्यायला आली, पडद्यावरच्या जाळीकडे बघत उभी राहिली आणि अहिराणीत म्हणाली, "हाई जाळी ते सगळीकडे सारखीच ताणेल शे."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं? जा ना!" मी खेकसले.

ती कसली जातेय! हाताला धरून तिनं मला ओढणीपाशी बसवलं. चारी बाजूंनी ओढली, तर भोकं मोठी झाली, पण सगळी एकसारखीच. मग एकाच कडेला बोटानं ताण दिला. तिथली भोकं लांबट, पुढची जरा कमी, पलीकडची जशीच्या तशी. असा ताण बदलत गेला की खड्यांची सरळ ओळही वाकडी जाते, म्हणाली. किती ओढण्या वाया घालवून शिकली होती ती!

"अगं बाई!" मी ओरडलेच. मी प्रत्येक भोकाला तेवढाच ताण दिला होता. अंतराबरोबर तो बदलायचं प्रोग्राममध्ये लिहायचंच राहिलं होतं. लिहिलं, आणि संध्याकाळी प्रकाश वळला. मी रडले, आईची माफी मागितली. तिचे उपकार कसे फेडू, तेच कळेना.

"आधी चहा पी, पार गार झाला," ती म्हणाली.

शनिवारी सरांनी विचारलं, "चूक सापडली कशी?"

मीच शोधली म्हणायचा क्षणभर मोह झाला. "आईनं दाखवली," मी म्हणाले. "ती ओढण्यांना खडे लावते."

सर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"बाकीच्या पोरांच्याही जाळ्या अडल्यात," ते म्हणाले. "आईंना विचार, सोमवारी येतील का?"