हरणाला न आलेला वास

अख्ख्या अ‍ॅशबर्नमध्ये, म्हणजे आमच्या या अमेरिकन गावात, वारा कुठून येतो आणि कुठे जातो, यावर लक्ष ठेवायचं काम देवाने आमच्या शेजारच्या काकांना दिलेलं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. गणपतीच्या आरतीत सगळे मूर्तीकडे बघतात, काका उदबत्तीच्या धुराकडे. एकदा मंत्रपुष्पांजली चालू असताना ते माझ्या कानात म्हणाले, "नॉर्थवेस्ट झाला यार. आज टेकडीवर बसायला हवं होतं." काका धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. सहा वर्षं करताहेत, आणि आजवर त्यांच्या बाणाने फक्त शेजारणीचा एक भोपळा मेला आहे.

बाण नीट लागायचा तर हरीण वीस पावलांवर यावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावरून हरणाचं नाक माणसाचं सगळं चरित्र वाचतं. म्हणून ऑक्टोबर लागला की काकांकडे फोडणी बंद, उदबत्ती बंद, चहातलं आलं बंद. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन घरामागच्या लाकडी डेकवर वाळत. त्यावर 'कपडे बाहेर वाळत घालू नयेत' अशी सोसायटीची नोटीस आली, तर काकांनी तीही डेकवर टांगली, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. खिशात कायम आपल्या रुईसारख्या एका झाडाच्या शेंगा. त्यातली कापसाची म्हातारी सोडायची आणि ती तरंगत कुठे जाते ते बघायचं. "हवा पाण्यासारखी असते," ते मला समजावत. "ऊन चढलं की उतारावरून वर चढते, ऊन कललं की ओढ्याकडे उतरते. सकाळी हरणाच्या वर बसायचं, संध्याकाळी खाली. सिंपल!"

हे सगळं काकू गेल्यावर सुरू झालं. मुलगा टेक्सासला, त्याचा रविवारी फोन. त्या बिनवासाच्या घरात शिकारीच्या दिवसांत कोणी फिरकत नाही, मी जातो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परतूरहून दोन बॅगा घेऊन इथे उतरलो, तेव्हा एअरपोर्टवर काका आले होते आणि पहिला वरणभात काकूंनी वाढला होता. हे उपकार फेडायची संधी मी शोधत असे.

एका बाबतीत मात्र काकांचं शास्त्र आंधळं होतं. मचाणावर थंडी वाजते म्हणून ते जॅकेटच्या आत काकूंची शाल गुंडाळत. ती कधीच धुतलेली नव्हती. खोबरेल, हिंग, थोडा कापूर. दहा पावलांवरून मलासुद्धा वास यायचा. मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, ही शाल..."

"शाल न्यूट्रल आहे. तू वाऱ्याकडे बघ."

गेल्या नोव्हेंबरात त्यांना सणसणीत सर्दी झाली. "शनिवारी जायचंय, माझे शिकारीचे कपडे तेवढे धुऊन टाक," म्हणाले. मी सगळे धुतले. शालही. या वर्षी काकांना हरीण मिळालंच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी ऊन कलताना आम्ही शेजारशेजारच्या झाडांवर बसलो होतो. काकांनी म्हातारी सोडली. ती तरंगत मागे ओढ्याकडे उतरली. आणि नेमकं तिकडूनच, चुकीच्या बाजूने, एक शिंगवाला नर वर आला. "संपलं," काका पुटपुटले. आमच्यावरची सगळी हवा त्याच्या नाकावरून वाहत होती. त्याने मान वर केली, हुंगलं, आणि शांतपणे ओकची फळं खायला लागला. वीस पावलंही नव्हती. काकांनी प्रत्यंचा कानापर्यंत ओढली.

मग हळूच सैल सोडली.

हरीण पोटभर खाऊन निघून गेलं. काकांनी जॅकेटमध्ये हात घातला, शालीचं टोक काढून नाकाला लावलं, चोंदलेल्या नाकाने पुनःपुन्हा हुंगलं.

"धुतलीस?"

"हो काका. मला वाटलं..."

त्यांनी शालीचं टोक परत जॅकेटमध्ये खोचलं. "छान धुतलीस," म्हणाले. "त्याला वाटलं, इथे कोणीच नाही."

परत आल्यावर मी न विचारताच त्यांच्या ओट्यावर कढई ठेवली. तेल, मोहरी, भरपूर हिंग. काकांनी शाल आणून ओट्याजवळच्या खुर्चीवर पसरली. घरभर धूर झाला म्हणून मी खिडकी उघडायला गेलो.

"राहू दे," काका म्हणाले. "आज वारा आत नको."