पाण्याच्या दिवसाचा डाव

आमच्या बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांना भेटायचे ते पाण्यामुळं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, दुष्काळ वाढला तसं आठवड्यानं, आणि त्या दिवशी नक्की किती वाजता येईल ते वॉल्व्ह सोडणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. म्हणजे पाण्याच्या दिवशी घरटी एक माणूस सकाळपासून घरात अडकलेला. शहराचं नाव तेव्हा जुनंच होतं. पाण्याची ही बोंब, आणि जालना रोडच्या दोन्ही अंगांना नुसते मजल्यावर मजले चढत होते. या सगळ्यांच्या टाक्या कुठून भरणार, हा प्रश्न मी सोडून कुणालाच पडत नव्हता बहुतेक.

मला घरात अडकायला पाण्याची गरज नव्हती. आई-बाबा गेल्यावर तीन खोल्यांत मी एकटीच राहायचे आणि घरी बसूनच कंपन्यांची ड्रॉइंग्ज करून द्यायचे. केसाएवढा फरक राहिला तर पार्ट बसत नाही, अशा कामात माणूस चिडका होतो. मी आधीपासूनच होते म्हणा. भाऊ बंगलोरला गेला तेव्हा त्याचे पत्ते माझ्या कपाटात टाकून गेला. आपले बावन्न पत्ते नव्हेत. चित्रांची, इंग्रजी मजकुराची, जमवायची आणि अदलाबदल करायची पानं असतात ना, ती. कॉलेजात असताना त्याला समोर बसायला कुणी मिळालं नाही की तो मला धरून बसवायचा. तेवढ्यावर मी ते शिकले.

एका पाण्याच्या दिवशी जिन्यात बसून आम्ही चौघं नळाच्या नावानं खडे फोडत होतो. तळमजल्यावरचे काका-काकू, समोरच्या दारातल्या वहिनी आणि मी. काका एसटीच्या कंट्रोलमधून निवृत्त झालेले. कुठली गाडी कुठं अडकली असेल याचा अंदाज बांधण्यात आयुष्य गेलेलं, ते आता पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलंय ते सांगायचे आणि हमखास चुकायचे. कंटाळून मी आत गेले आणि खोका घेऊन आले. त्या दिवसापासून माझ्या घरात सतरंजीवर आमचा डाव सुरू झाला.

डाव असा. प्रत्येकाला पानांची एक गड्डी. त्यातलं एक पान ठेवून घ्यायचं, बाकीची डावीकडच्याला सारायची. उजवीकडून आलेल्या गड्डीतलं पुन्हा एक घ्यायचं, पुन्हा सारायची. अशी पानं संपेपर्यंत. मग ज्याने त्याने आपल्या पानांचा संच लावायचा आणि दोघा-दोघांनी समोरासमोर खेळायचं. बहुतेक पानं जनावरांची किंवा लढवय्यांची. ती समोरच्यावर सोडायची, तो त्याची आडवी घालतो, कमजोर असेल ते मरतं आणि बाजूच्या ढिगात जातं. आडवं काही नसेल तर वार थेट खेळणाऱ्यावर. ज्याच्यावर ठरलेले वार पुरे झाले तो हरला.

या गड्ड्या ज्या मोठ्या साठ्यातून निघतात तो साठा जुळवणं हे माझं काम. भावाच्या खोक्यातली पानं जशीच्या तशी घेतली तर मजा नाही; दोन-चार पानं अशी असतात की ज्याच्या हाती लागली तो जिंकलाच. ती काढायची. काही इतकी भिकार की कुणी उचलतच नाही, तीही काढायची. एक रंग जड झाला की दुसऱ्यात भर घालायची. गुलमंडीत लग्नपत्रिकांच्या दुकानातून जाड कागदाची कात्रणं आणून मी प्रत्येक पानाचा मजकूर मराठीत लिहिला आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात पानावर सरकवला, कारण काकूंना इंग्रजी येत नव्हतं. काकांना येतं असं काका म्हणायचे.

आमचा एक नियम मात्र जगात कुठं नसेल. डाव रंगात आला आणि नळ वाजला की हातातली पानं सतरंजीवर पालथी ठेवायची, वर आपलं आपलं जेवणाचं ताट झाकायचं, आणि पळायचं. हंडे, ड्रम, बादल्या, जे असेल ते भरून परत यायचं आणि ताट उचलायचं. काका सगळ्यांच्या आधी परत यायचे. काकू म्हणायच्या, "यांचं पाणी कसं काय हो लवकर भरतं?" काका छताकडं बघायचे.

महिना-दोन महिन्यांत मला प्रत्येकाची खोड पाठ झाली. काका अडवायची पानं साठवायचे आणि शेवटपर्यंत वापरायचे नाहीत. काकू चित्र बघून पान घ्यायच्या आणि तरी जिंकायच्या, ज्याचा काकांना फार त्रास व्हायचा. आणि वहिनी फक्त जनावरं घ्यायच्या. बैलासारखा दिसणारा गवा, रानडुक्कर, मेंढे, काय असेल ते. मस्त ओळीनं समोर मांडायच्या आणि नंतर काही करायच्याच नाहीत. एकही जनावर कधी समोरच्यावर सोडायच्या नाहीत. अर्थात दर वेळी हरायच्या.

मला वाटलं, जनावरं कमजोर असतील म्हणून भितात. मी साठ्यातली जनावरं वाढवली, जाडजूड केली, त्यांना बळ देणारी पानं घातली. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर त्यांच्यापुढं पाच धिप्पाड जनावरं उभी, काकांच्या पुढं शुकशुकाट, एकदा सोडली असती तर डाव त्यांचा. त्यांनी शांतपणे काकांना म्हटलं, "तुमची पाळी." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"वहिनी, देव्हाऱ्यात मांडायचीत का ही? सोडा की!"

"ऱ्हाऊ दे. मरंल त्यातलं एखादं."

"अहो, कागद आहे तो."

"व्हय, म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात नळ वाजला.

माझा ड्रम उचलून ठेवायला त्या नेहमी यायच्या, तशा त्या दिवशीही आल्या. मी फुगलेली. ड्रम भरत असताना त्यांनीच विषय काढला. त्यांचं माहेर दौलताबादच्या पलीकडं. विहीर आटली, वैरण संपली, म्हणून वडलांनी सगळी जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली होती आणि स्वतःही तिथंच राहात होते. "दावणीला एकबी नाय. आई म्हणती, सकाळी उठून हात कुठं घालावं तेच कळंना." एवढं बोलून त्यांनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. त्यानंतर मी त्यांना 'सोडा' कधी म्हटलं नाही.

पण वहिनी सतत हरत राहणं मला चालणार नव्हतं. हरून हरून कंटाळल्या आणि यायच्या बंद झाल्या तर? काका-काकूंना एकमेकांशी भांडायला एकमेक होते. मला आठवड्यातून एवढा एकच दिवस होता. बाकीचे दिवस दूधवाल्याशी बोलायचे तेवढंच तोंड उघडायचं, आणि तोही घाईत. तेव्हा वहिनी टिकायला हव्या होत्या, साधी गोष्ट. त्या बदलणार नसतील तर साठा बदलायचा.

मी एक पान स्वतः बनवलं. वर नाव लिहिलं, 'छावणी'. खाली नियम: तुमच्या पाळीला तुमच्यापुढं चार जनावरं जिवंत उभी असतील तर डाव तुमचा. लढाई नको, मारामारी नको. पहिल्याच दिवशी ते काकांनी पटकावलं आणि लागोपाठ डाव मारले. हात दाखवून अवलक्षण! मग मी चाराची सहा केली. जनावरांचं मारण्याचं बळ तेवढंच ठेवलं, सोसण्याचं वाढवलं. तर काका ते पान वापरायचं नसलं तरी घ्यायचे आणि मांडीखाली ठेवून द्यायचे, वहिनींना मिळू नये म्हणून. काकू एकदा चांगल्याच तापल्या. "तिचं आहे ते. सारा पुढं." काकांनी सारलं.

त्या दुपारी वहिनींनी सहा जनावरं उभी केली. मी श्वास रोखून बसले होते, आणि ही बाई बोट लावून एकेक मोजतेय. मोजून झाल्यावर म्हणाली, "हायेत सगळी." आपण जिंकलो हे तिला काकूंनी सांगावं लागलं. मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांना पोहे करून घातले, तेही पाण्याच्या काटकसरीत.

पुढं पाऊस बरा झाला. माणसं मात्र पांगली. काका-काकूंना मुलानं पुण्याला नेलं. जाताना काकांनी पाणी कधी येणार याचा अंदाज मला सांगून ठेवला, जो चुकला. वर्षभरानं वहिनींच्या मिस्टरांनी चिकलठाण्याकडं फ्लॅट घेतला, कंपनीपासून जवळ. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पाण्याच्या दिवशी येत जाईन गं मी." आल्याही, दोनदा. मग फोन. मग सणाला फोन.

मी पाण्याच्या दिवशी सतरंजी टाकतच राहिले. चार गड्ड्या, चार ताटं. प्रत्येकाच्या जागी जाऊन बसायचं आणि तो माणूस जे पान घेईल तेच घ्यायचं. काकूंच्या जागी चित्र बघून. नळ वाजला की झाकायचं, भरून यायचं, आणि काकांच्या वतीनं काकूंच्या ताटाखाली डोकावायचं. वहिनींच्या जागी जनावरं राखायची. वहिनींच्या घरात आलेल्या नव्या भाडेकरणीनं एकदा दारातून चार ताटं बघितली आणि विचारलं, "पाहुणे येणारेत का?" मी हो म्हटलं. काय सांगणार होते? एवढी आठवण यायची या लोकांची की कधी कधी मला राग यायचा, त्यांचाच.

आणि एक दिवस वहिनींचा फोन. "ये की एकदा, पानं घेऊन." आठवडाभर मी कामं बाजूला टाकून साठा दोघींपुरता जुळवला. खोका ओढणीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन बसले. सहावा मजला, लिफ्ट. वहिनींनी आधी स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून दाखवला. "बघ. कधीबी सोड." रोज सकाळी टँकर येऊन सोसायटीची टाकी भरून जातो, म्हणाल्या. पाण्याचा दिवस असा तिथं नव्हताच.

आम्ही बसलो. गड्ड्या केल्या. वहिनींनी पूर्वीसारखी भराभर जनावरं घेतली, मला हायसं वाटलं. माझ्या गड्डीत छावणी आली, मी ती अर्थातच त्यांच्याकडं सारली. त्यांनी बघितली आणि ती गड्डीबरोबर परत माझ्याकडं आली. घेतली नव्हती. चुकून राहिली असेल, मला वाटलं.

डाव सुरू झाला. वहिनींनी दोन जनावरं मांडली, तिसरं मांडलं, आणि तिन्ही माझ्यावर सोडली. माझ्या संचात अडवायला काही ठेवलंच नव्हतं. वहिनी सोडणार नाहीत हे धरूनच मी इतकी वर्षं संच लावत आले होते. पुढच्या पाळीला पुन्हा सगळी. आणि ती जनावरं मीच इतकी दांडगी करून ठेवलेली. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात मी हरले.

"वहिनी, आज जनावरं सोडलीत तुम्ही."

त्या पानं एकसारखी करत होत्या. "बाबांनी रान दिलं ना प्लॉटिंगला. गोठाबी पाडला मागच्या महिन्यात." पानं माझ्या हातात दिली. "आता कुणासाठी राखायची?"

त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण त्या उठल्या होत्या. चहा टाकला. संध्याकाळी सोसायटीच्या बायकांची भिशी होती, साडी बदलायची होती. निघताना मी विचारलं, "परत कधी बसायचं?"

"ये की. कधीबी ये."

लिफ्ट खाली येईपर्यंत मी तो 'कधीबी' कुठल्या वारी येतो याचा विचार करत होते. वहिनींनी ते मनापासून म्हटलं होतं, त्यात शंका नाही. मी परत गेले नाही, आणि त्यांनीही परत बोलावलं नाही.

खरं तर त्या दिवसानंतर साठा पुन्हा जुळवायला हवा होता. छावणी कुणी घेणार नसेल तर ते मेलेलं पान, काढून टाकायला हवं. आणि सोडायला लागलं कुणी, तर ती जनावरं फार भारी आहेत, त्यांच्यापुढं दुसरं काही टिकणार नाही. एखाद्या ड्रॉइंगमध्ये एवढा फरक असता तर मी रात्रभर झोपले नसते. मी ओढणी सोडली, खोका कपाटात ठेवला. एकही पान काढलं नाही.

पुढचा पाण्याचा दिवस गुरुवारी आला. सतरंजी टाकली, चार ताटं आणली. काकांच्या जागी छावणी हातात आली तेव्हा काकूंची आठवण ठेवून पुढं सारली. मग वहिनींच्या जागी बसले आणि एकेक जनावर मांडत गेले. सहा झाली. बोट लावून मोजली. होती सगळी.

नळ वाजला. मी पानं पालथी केली, कुणी बघू नये म्हणून चारही ताटं नीट झाकली, आणि ड्रम ओढायला उठले.