जाड लागेल तिथं ब्रेक

शबानाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला, पण पडद्यावर रशीदभाईंच्या मुलीचं नाव दिसलं आणि मी बाहेर व्हरांड्यात आलो. मला वाटलं, गाडीचं विचारायला सांगितलं असेल बापानं. "सर, अब्बा गेले," ती म्हणाली. दुपारच्या नमाजासाठी हात धुवायला उठले, हात धुतले, आणि गॅरेजातल्या त्या लाकडी स्टुलावर परत बसले ते बसलेच. मी आत आलो, खडू उचलला, आणि फळ्यावरचं गणित मलाच सुटेना... दफनाला गेलो, मूठभर माती दिली. त्याला आता दीड महिना झाला. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार होतो. असे किती रविवार मी जाणार होतो, ते पुढे सांगतो.

वडवणीत तेलगाव रस्त्याला रशीदभाईंचं पत्र्याचं गॅरेज. बावीस वर्षांपूर्वी, मास्तरकी नवी होती तेव्हा, मी एका निवृत्त फौजदाराकडून जुनी बुलेट घेतली आणि ती ढकलत ढकलत त्यांच्या दारात नेली. फौजदारानं गाडी दिली, चालू करायची कशी ते सांगितलं नाही. मी घामाघूम होऊन किक मारत होतो आणि रशीदभाई चहा पीत बघत होते. कप संपल्यावर उठले. "सर, तुमी तिला मारायलेत कावून? तिला विचारा आधी." मग त्यांनी किक हलकेच दाबत नेली. हेडलाइटच्या वरच्या छोट्या घड्याळातला काटा मध्यावर आला तशी थांबले, हँडलजवळची कळ दाबून किक बोटभर पुढे सरकवली, कळ सोडली, आणि एकदाच वजन टाकलं. गाडी धडधडायला लागली. मी त्या दिवशी ते नीट पाहिलं असतं तर बरं होतं. पण मला गाडी चालवायची हौस, ती समजून घ्यायची नाही. पुढची कितीतरी वर्षं गाडी अडली की मी त्यांच्याकडे ढकलत जायचो. ते म्हणायचे, "शिकून घ्या बरं. मी काय जल्मभर पुरणार हाय का?" मी हसण्यावारी न्यायचो.

टॅपेट बसवायचे, म्हणजे इंजिनातल्या झडपांची ढील जुळवायची, तर ते मला सकाळी शाळेआधी बोलवायचे, कारण इंजिन रात्रभर गार झालेलं लागतं. झडप उचलणारी बारीक दांडी दोन बोटांत धरून फिरवायची. फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. माझी बोटं धरून त्यांनी ते मला दाखवलं होतं. इंजिनाखाली तेल टपकायचं, म्हणून तिथं कायम एक पत्र्याचा डबा. मी तक्रार केली की म्हणायचे, "टपकायचं बंद झालं की मग मला फोन करा." जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची ती गाडी निळा झेंडा लावून सगळ्यांत पुढे असायची. माणसाच्या चालीनं दोन तास चालायचं आणि बंद पडायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी रशीदभाई कान लावून बसायचे आणि ठोका इतका संथ करायचे की एकेक मोजता यावा. मिरवणूक गॅरेजसमोरून जाताना ते बाहेर उभे असायचे. लोक झेंड्याकडे बघायचे, ते इंजिनाकडे.

तीन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी किक बंद केली. मग मी नवी बुलेट घेतली, बटणावर चालू होणारी. टाकी तशीच, गोल दिवा तसाच, सोनेरी रेघाही तशाच. मोठ्या ऐटीत दाखवायला नेली. रशीदभाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. "चेहरा तोच हाय," ते म्हणाले, "पण पाय उलटे हायत, सर." जुनीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, नवीचं बरोबर उलट. जुनीचा पहिला गिअर वर, नवीचा खाली. नवीचे टॅपेटसुद्धा आपले आपण जुळतात, तिथं कुणाच्या बोटांचं काम नाही. हे सांगताना ते दांडी फिरवल्यासारखी दोन बोटं उगाच चोळत होते. मला तेव्हा ते दिसलं, पण मी नव्या गाडीच्या धुंदीत होतो.

चौथ्याच दिवशी रस्त्यावर शेळ्या आल्या. मी क्लच दाबला आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय. तिथं ब्रेक नव्हताच; गिअर पडला आणि गाडी तशीच पुढे. हाताच्या ब्रेकनं कशीबशी थांबवली, तोवर एक बोकड माझ्या चाकाला शिंग लावून उभा. तसाच गॅरेजात गेलो. रशीदभाई पोटभर हसले, मग उठले. जुन्या ट्यूबची पट्टी कापली, नवीच्या उजव्या ब्रेकच्या पायटीवर घट्ट गुंडाळली आणि तारेनं दोन पीळ दिले. "डोकं लावूच नका. पायाला जाड लागंल तिथं ब्रेक. एवढंच ध्यानात ठेवा." महिन्याभरात पाय शिकला.

नवीची सर्व्हिसिंग मात्र बीडला, शोरूममध्ये. जुनी मी त्यांच्याकडे ठेवली होती, "सावकाश करा" म्हणून. त्यांनी ती खोलून पुन्हा उभी केली. फोन यायचा. "सर, गुडघ्याला झेपंल अशी किक केलीया. या की." मी म्हणायचो, रविवारी येतो. कधी परीक्षा, कधी लग्न, कधी नुसताच कंटाळा. वर्ष गेलं. गॅरेजवरून नव्या गाडीवर जाताना मी हात करायचो आणि ते हातातला पाना उंचावायचे. थांबायला दोन मिनिटं लागली असती.

चाळिसावा झाल्यावर शबानानं कळवलं, गॅरेज रिकामं करायचंय, गाडी घेऊन जा. गेलो. पत्र्याखाली ती पुसून उभी केलेली, खाली डबा, डब्यात ताजं तेल. "ढकलायला कुणाला बोलवू का?" शबानानं विचारलं. मी नको म्हणालो. किक दाबत नेली. काटा मध्यावर आला. कळ, बोटभर पुढे, कळ सोडली... वजन टाकलं. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला धडधड सुरू झाली, तीच, मोजता येणारी. शबाना तोंडाला ओढणी लावून आत गेली. गुडघा खरंच दुखला नाही.

बसस्टँडच्या वळणावर एसटी एकदम बाहेर आली. मी क्लच दाबला आणि उजवा पाय. गिअर बदलला, गाडी पुढेच. तीन वर्षांत माझा पाय नवीचा झाला होता. घाबरून डावा पाय टाकला आणि तळव्याला काहीतरी जाड लागलं. डोक्यात काही यायच्या आत पायानं ते दाबलं. गाडी एसटीच्या पत्र्यापासून हातभर अलीकडे उभी राहिली.

मी खाली वाकून पाहिलं. डाव्या पायटीवर ट्यूबची पट्टी होती, तारेचे दोन पीळ दिलेली. या गाडीवर एवढ्या वर्षांत ती कधी नव्हती, लागलीच नव्हती. मी येईन तेव्हा माझा पाय चुकेल, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मला हलता येत नव्हतं. मी नुसता म्हणून ठेवलेल्या कुठल्या रविवारी त्यांनी ती बांधली असेल, तेवढं आता विचारायला कुणी नाही.