दोन काळ्या पिशव्या, एक चिठ्ठी

चि. अनू, चि. विकी,

तुमची आजी झोपेत श्वास घ्यायचं विसरते. (डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माझ्या घोरण्यातलं 'मध्यंतर' असं तुमचे आजोबा म्हणतात!) म्हणून नाकाला मास्क लावून, नळीतून हवा सोडणारं मशीन रात्रभर चालवावं लागतं. तुमच्याकडे येऊन तळ्याकाठी तंबूत झोपायचं तिकीट काल निघालं. ते कसं निघालं, हे तुमच्या आईकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहिते.

आजोबांची अट होती, "आधी इथे एक रात्र तंबूत, बॅटरीवर झोपून दाखव. नाहीतर तिकीट नाही!"

मी यादी केली. प्रत्येक पिशवीवर सुवाच्य इंग्रजीत चिठ्ठी लावली. चोळपुरमला धाकट्या दिरांच्या नारळीच्या बागेत तंबू ठोकला. संध्याकाळी 'एस. बी.', म्हणजे स्लीप ब्रीदिंग, अशी काळी पिशवी उघडली. आत श्रुती बॉक्स! (भजनाला सूर धरणारी पेटी. तिच्या पिशवीवरही 'एस. बी.' मीच लिहिलं होतं.)

"छान!" आजोबा म्हणाले. "आज निदान सुरात घोर!"

तेवढ्यात स्वामीमलैहून माझ्या धाकट्या जावेचा, कमलाचा फोन. तिच्याकडे भजन होतं. दुपारीच ती आमच्या घरून पेटी घेऊन गेली होती.

"अक्का, तुमची पेटी सूरच धरीना! नुसती फूं फूं करत्ये!"

"कमला, बंद कर ते!"

"आणि ही नळी? हिच्यात गायचं का?"

"नाकाला लावायची असते ती!"

"अय्यो! नाकात गायचं?"

"अगं, ते माझं श्वासाचं मशीन आहे!"

मग कमला हळूच, "आम्ही त्याला हार घातला की हो!"

तासाभरात कमला ऑटोतून हजर. नळीला झेंडूचा हार, मास्कला कुंकू! मागच्या दोन ऑटोंतून अख्खं भजनी मंडळ उतरलं. "पेटी इथे, तर भजनही इथेच!" तंबूसमोर आरतीपर्यंत सगळं झालं. मग मी मास्क धुऊन लावला आणि आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा नारळींवर ऊन आलं होतं. मशीन चालूच होतं. आजोबा कॉफीचा टंबलर घेऊन तंबूच्या दाराशी बसले होते.

"बॅटरी टिकली," ते म्हणाले. "काढू तिकीट."

तर मी येतेय. मशीन शाबूत आहे, पेटी शाबूत आहे. आणि मी फार व्यवस्थित बाई आहे, ही समजूतही घरात अजून एका माणसाकडे शिल्लक आहे: माझ्याकडे!